अकरावं अंडं

१

आमच्या कामाच्या शेडमधला दिवस चहाने सुरू व्हायचा. नऊच्या सुमाराला माय स्टोव्ह पेटवायची, लाकडी फळीवर दहा कप ओळीने मांडायची आणि जी उशिरा येईल तिच्या कपावर बशी झाकून ठेवायची. दहा बाया, दहा कप. कान तुटलेला कप माझा. तो चुकूनही दुसरी कोणी उचलत नसे.

बडोद्याला सहा वर्षं शिल्पकला शिकून मी परभणीला परतले ते १९९३चा उन्हाळा संपताना. तिकडे नोकरी मिळत होती. पण ज्यांनी जन्मात कधी प्रदर्शनाचं दालन पाहिलं नाही, त्यांच्या बाजाराच्या वाटेवर, हात लावता येईल अशी कला उभी करायची, हे माझं ठरलेलं होतं. मी योजना लिहिली. रेल्वे स्टेशनपासून गांधी पार्कच्या कोपऱ्यापर्यंत अकरा अंडी, माणसाच्या उंचीची. एकेक अंडं एकेका मोहल्ल्याने सजवायचं. सव्वीस जानेवारीला सगळं शहर त्या वाटेने चालेल आणि एरवी ज्यांच्याकडे बघत नाही त्यांचं काम थांबून बघेल.

शहर शोभा समितीचे अध्यक्ष दिनकरराव हे निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अंडीच कामून, मॅडम?"

"अंड्याला जात नसते. आणि आतून काय निघेल ते बाहेरून सांगता येत नाही."

"ते ठीक. पण कोंबडी कुठं बसवायची? पाण्याच्या टाकीवर?"

सगळी समिती हसली. मीही हसले. ठराव मात्र मंजूर झाला, आणि अकरावं अंडं, वाटेच्या शेवटचं, आमच्या वस्तीचं राहील, हे मी त्यात लिहूनच घेतलं.

बाकीची दहा अंडी लोखंडी जाळी आणि सिमेंटची झाली. आमचं मी कणगीच्या पद्धतीने करायचं ठरवलं. धान्य साठवायची कणगी म्हणजे तुराट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं, विणलेलं मोठं पोट, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेलं. वर झाकण. खालच्या अंगाला दाणे काढण्यापुरतं मुठीएवढं भोक, आणि त्या भोकात चिंध्यांचा बोळा. हे काम बडोद्याच्या एकाही प्राध्यापकाला येत नव्हतं. रेल्वेरुळांपलीकडच्या आमच्या वस्तीत ते निम्म्या बायांना येत होतं. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की लिंपताना मी मोठमोठ्याने गायचे.

वरचं तोंड बंद करायच्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं. माय ओच्यात ज्वारी घेऊन आली.

"हे काय?"

"पहिली मूठ. रिकामी कणगी लिंपून बंद करत न्हाईत."

"माय, ही कणगी नाही, शिल्प आहे. आणि आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. असले विधी माझ्या कामात नकोत."

"ही देवाची गोष्ट न्हाई, शीला. पोटाची हाय."

"रिकामं म्हणजे रिकामं."

कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "लय शिकली बाई. पंचफुलाबाई, ठिवा तुमची ज्वारी. पोरीचं अंडं उपाशीच बरं!" हशा पिकला. माय हसली नाही. तिने ती मूठ पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

वरचं तोंड मी माझ्या हाताने लिंपून बंद केलं. आत काहीही नव्हतं. हे मी स्वतः पाहिलं होतं, म्हणून सांगते.

२

रंग निळा, यावर वाद झाला नाही. चुन्याच्या निवळीत नीळ कालवायची आणि हातानेच थापायची, म्हणजे पृष्ठभागावर बोटं उमटतात. दहा जणींची बोटं, शंभर प्रकारची वळणं. चार दिवसांत माझा उजवा हात मनगटापर्यंत असा निळा झाला की रॉकेलने घासूनही रंग जाईना.

"आला बघ!" माय म्हणाली. "शीलाचा निळा हात आला!"

हा आमच्या घरातला जुना विनोद. पण त्याच्या मुळाशी जे आहे ते विनोदाचं नाही.

१९७८ साली मी आठ वर्षांची होते. आम्ही तेव्हा गावाकडे राहायचो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात, एका दुपारी, माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, बाजाराला गेले होते आणि मी मोठ्या मायजवळ होते. मोठी माय म्हणजे माझी चुलती, सरजाबाई. गावाच्या वरच्या अंगाने ओरडा आला. तिने एकदाच दाराबाहेर पाहिलं, मला काखेत धरून उचललं आणि रिकाम्या कणगीत सोडलं. पावसाळ्यात आमच्या कणग्या रिकाम्याच असायच्या. वर झाकण पडलं. मग बाहेरून आवाज येत राहिला: सर्र... सर्र... झाकणाच्या कडेने ओली माती लिंपणारा तिचा तळहात, आणि त्यासोबत बांगड्यांची किणकिण. मग तोही थांबला.

मी दीड दिवस आत होते. धूर होता. एक बाजू तापली होती. माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मधे केव्हातरी खालच्या भोकातला बोळा बाहेरून निघाला आणि तिथे एक डोळा आला. मी सापडले असं मला वाटलं. त्या डोळ्याएवढी भीती मला पुढे कशाचीच वाटली नाही. पण बोळा परत बसला. आणि खूप वेळाने, भुकेने मला उठवतही नव्हतं तेव्हा, बोळा पुन्हा निघाला आणि भोकातून एक हात आत आला. निळा. मनगटापर्यंत निळा. मुठीत ज्वारी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय-दादांनी झाकण काढलं. मोठी माय विहिरीच्या वाटेवर मरून पडलेली सापडली; ती गेली होती पहिल्याच दुपारी. वस्तीतले बाकीचे सगळे रानात पळालेले. मग हात कोणाचा? मायचं म्हणणं, भुकेल्या लेकराला दिसला. पण माझ्या फ्रॉकच्या खिशात ज्वारीचे सात दाणे निघाले, ते तिने एका छोट्या पत्र्याच्या डबीत घालून ठेवले आणि अजून जपले आहेत. पटत नसलं तरी तिने ते टाकले नाहीत.

३

अंडं वाळायला ठेवलं होतं. वाळताना आतली हवा निघून जावी म्हणून खालचं भोक मी ठेवलं होतं. मायच्या जुन्या लुगड्याचा बोळा तेवढा घातला, उंदीर जाऊ नये म्हणून.

जानेवारीचा पहिला आठवडा. भर दुपार. बाया जेवायला गेल्या होत्या आणि शेडमध्ये मी एकटी ब्रश धूत होते. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. रुळांवरून मालगाडी गेली, तिचा आवाज विरला, आणि त्याच्या खाली दुसरा एक आवाज आधीपासून चालू होता असं लक्षात आलं.

सर्र... सर्र...

मी नळ बंद केला. आवाज चालूच राहिला. थांबत, पुन्हा, गोल फिरत, जशी एखादी बाई कडेकडेने लिंपत जाते. मी शेडच्या मागे जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. भिंतीला कान लावला. भिंत गप्प होती. शेवटी अंड्याला कान लावला.

मी विज्ञान मानणारी बाई आहे. ओली माती वाळताना आकसते, तुराट्या ताण सोडतात, आवाज होतो. हे मी स्वतःला पूर्ण वाक्यात, तोंडाने म्हणून दाखवलं. बांगड्यांच्या किणकिणीसाठी मला वाक्य सुचलं नाही.

मग मी तळहात टेकवला. अंड्याची उत्तरेकडची बाजू, जिच्यावर दिवसभर ऊन येत नाही, तापलेली होती.

त्या दुपारी बाया परत आल्या, चहा झाला. मायने कप वाटले आणि ती खाली बसली. माझ्यापुढे कप नव्हता.

"माय, माझा?"

तिने माझ्याकडे क्षणभर असं पाहिलं की जणू मी दारातून आत्ता आले. "अगं बाई! नऊच मांडले बघ. म्हातारी झाले मी." फळीवर कान तुटलेला कप पालथा पडला होता. त्यात कोळ्याने जाळं केलं होतं. सकाळी मी त्यातून चहा प्याले होते.

४

मुंजाजीची बैलगाडी अंडी पोचवायला ठरली होती. दहा अंडी त्याने आपापल्या जागी नेऊन उभी केली होती. अकराव्याचा अंदाज घ्यायला तो आला. त्याने बाहू पसरून अंडं कवेत घेतलं, जरासं कलतं केलं आणि पटकन सोडून मागे सरला.

"यात काय घातलंय, बाई?"

"काही नाही. रिकामं आहे."

"रिकामं न्हाई." त्याने कपाळ पुसलं. "मी कलतं केलं तर आतलं काहीतरी सरकलं. अन् मग..."

"मग काय?"

"मग धरून बसलं. जसं गाडीत लेकरू धरून बसतंय."

बाया हसल्या. "मुंजाजी, सकाळीच लावून आलास काय रे?" पण तो हसला नाही. बैलांना वळवताना तो मायला म्हणाला, "हे मी न्हेणार न्हाई. राग मानू नका. बाकी काय बी सांगा."

त्याच दिवशी दिनकरराव आले. शेडच्या दारात उभं राहून त्यांनी निळा रंग पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे जमणार नाही. माहौल काय आहे तुम्हांला माहीत आहे. पिवळा लावा, हिरवा लावा, इंद्रधनुष्य लावा. निळा सोडून कोणताही."

मी पुढे झाले. "ठरावात रंगाचं काही नाही, दिनकरराव. मोहल्ल्याने आपल्या मनाप्रमाणे सजवायचं, असं आहे."

ते माझ्या खांद्यावरून मायकडे बघत राहिले. "इथलं काम कोण बघतं? मला त्यांच्याशी बोलायचंय."

"मी बघते. मीच तर योजना दिली."

"तुम्ही होय," ते म्हणाले, आणि डोळे बारीक केले, जसं दूरच्या माणसाला ओळखताना करतात. आम्ही चार महिने दर मंगळवारी समोरासमोर बसलो होतो. "तर सांगून ठेवतो. निळं असेल तर कोपऱ्यावर नाही. पार्कच्या भिंतीमागे ठेवा. नाहीतर ठेवूच नका."

ते गेल्यावर बायांनी शिव्या घातल्या. मी घातल्या नाहीत. मला भूक लागली होती. तीन दिवसांपासून लागली होती. दोन भाकरी खाऊन उठले तरी पोट रिकामं राहायचं, आणि हाताची अंगठी आपोआप गळून पडायची.

५

संक्रांतीच्या दिवशी नामविस्ताराची बातमी आली.

ती दुपार मी आयुष्यभर विसरणार नाही. आमची वस्ती रस्त्यावर आली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. ढोल आले, निळा गुलाल आला. सोळा वर्षं! ज्यांची घरं गेली, ज्यांची माणसं गेली, ते त्या एका नावासाठी भर उन्हात नाचत होते, आणि माय, माझी माय, जी कधी घराच्या उंबऱ्यावर मोठ्याने बोलली नव्हती, ती डोक्यावरचा पदर सोडून नाचत होती.

मी त्यांच्यात होते. पण गुलाल उधळणारे हात माझ्याजवळ येऊन पुढे जायचे. कोणी माझा गाल माखला नाही. गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी अशी वाहत होती, जशी रिकाम्या जागेतून वाहते.

मी शेडकडे पळत आले. दार लावलं.

सर्र... सर्र...

आज बघायचंच, असं म्हणून मी अंड्यापुढे गुडघे टेकले आणि बोळा ओढला. धुराचा वास आला. ओला, पावसाळ्यातला, घराच्या लाकडांचा धूर. मी भोकाला डोळा लावला. काळोख. डोळा सरावला तरी काळोख. आणि मग त्या काळोखात, अगदी जवळ, कोणीतरी श्वास आत घेतला आणि धरून ठेवला.

भीतीने धरतात तसा.

मी बोळा कोंबला. मला आठवत नाही मी हातोडा आणि छिन्नी केव्हा उचलली. फोडायचं, उघडं करायचं, आत मातीची ढेकळं दाखवायची आणि स्वतःवर हसायचं. छिन्नी टेकवली तेव्हा मागून कोणीतरी माझं मनगट धरलं.

मायच्या कपाळावर गुलाल होता. ती धापा टाकत होती.

"काय करायलीस?"

"आत कोणीतरी आहे, माय."

तिने अंड्याकडे पाहिलं नाही. छिन्नीकडे पाहिलं. "लिंपलेली कणगी कोणी फोडत न्हाई. आत जे हाय त्याच्यावरच पडंल की सगळं." मग तिने हातोडा माझ्याकडून काढून घेतला, सावकाश, लहान मुलाच्या हातातून विळा काढतात तसा. "भोक ठेवलंय न्हवं मुठीएवढं? ते कशाला ठेवतात?"

६

सव्वीसच्या सकाळी फळीवर नऊ कप होते. मी विचारलं नाही.

मी मायच्या पेटीतली पत्र्याची डबी काढली. कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. उघडली. रिकामी.

"माय, सात दाणे कुठे गेले?"

"कसले दाणे?"

"माझ्या खिशातले. कणगीतून काढलं तेव्हाचे. निळ्या हाताने दिलेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, कीव होती. ती मला जास्त लागली. "तुला कोणी काही दिलं न्हाई गं. कोण देणार होतं? सगळे रानात पळाले होते." तिने डबी माझ्या हातून घेतली आणि उलटसुलट केली. "ही रिकामी डबी मी कशापायी जपून ठेवली कुणाला ठाऊक." मग तिचा आवाज पडला. "आमी झाकण काढलं तवा तू..." तिने वाक्य पुरं केलं नाही. आपण कोणाशी बोलत होतो हेच विसरल्यासारखी ती डबी कमरेच्या पिशवीत टाकून उठली आणि बायांना हाका मारायला गेली.

बाहेर बांबू बांधून झाले होते. मुंजाजी येणार नव्हता, म्हणून बायांनीच ठरवलं होतं. दोन लांब बांबू, मधे फळी, फळीवर अंडं, आणि बांबूंना आठ खांदे.

"कोपऱ्यावर न्यायचं का भिंतीमागं?" एकीने विचारलं.

"भिंतीमागं तुझा नवरा ने," दुसरी म्हणाली.

आठ जणींनी खांदा दिला. माय पुढे. मी मागून चालले, अंड्यावर हात ठेवून. आणि ते निळं अंडं रूळ ओलांडून उन्हात आलं तेव्हा, माझी भूक, माझी भीती, सगळं बाजूला ठेवून मला सांगावंच लागेल की मी त्याच्याएवढं सुंदर काही केलेलं नाही, बडोद्यात नाही, कुठेच नाही. शंभर बोटांची वळणं उन्हात हलत होती. दुकानदार गल्ल्यावरून उठले. सायकली थांबल्या. सिमेंटची दहा अंडी एकेक करून मागे पडली. कोणावर मोर, कोणावर कापसाची बोंडं, कोणावर नुसती नक्षी. प्रत्येकाशी उभे असलेले लोक वळून आमच्यामागे चालू लागले. स्टेशन रोड भरून गेला.

"काय हाय ओ हे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"अंडं," माय म्हणाली.

"कशाचं?"

"आमचं."

७

कोपऱ्यावरच्या ओट्यापुढे दिनकरराव उभे होते. मागे समितीची माणसं.

"पंचफुलाबाई, इथं नाही. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," माय म्हणाली, आणि थांबली नाही.

दिनकररावांनी पुढे होऊन अंड्यावर तळहात टेकवला, अडवायला. बाया थबकल्या. सगळा रस्ता गप्प झाला. आणि त्या शांततेत, त्यांच्या तळहाताच्या बरोबर खाली, आतून टकटक झाली. दोनदा. अगदी हळू. ज्याला ऐकू जावं असं वाटतं आणि ऐकू जाऊ नये असंही वाटतं, त्याने केल्यासारखी.

दिनकररावांनी हात काढला नाही. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंग उडाला. "आत कोण आहे?" ते म्हणाले. आवाज ओव्हरसियरचा नव्हता, घरातल्या माणसाचा होता.

"आमचं लेकरू हाय," माय म्हणाली. का म्हणाली ते तिला आजही सांगता येत नाही. "बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. एवढंच नव्हे. ओट्यावर चढवताना बांबू निसटला तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच खांदा लावला.

अंडं कोपऱ्यावर उभं राहिलं. टाळ्या सुरू झाल्या, ढोल सुरू झाले. चारी रस्त्यांवर माणसं होती आणि सगळी त्या निळ्या रंगाकडे तोंड वर करून बघत होती. आम्ही जिंकलो होतो. आणि मला उभं राहवत नव्हतं. माझ्या शेजारची बाई माझ्या पायावर पाय देऊन उभी होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

ओट्यामुळे भोक आता माझ्या छातीशी आलं होतं. मी बोळा काढायला हात वर केला आणि तो हात मला दिसला. दोन-तीनदा रॉकेलने घासलेला, तरी न गेलेला. मनगटापर्यंत निळा.

मी किती वेळ त्याच्याकडे बघत होते माहीत नाही.

"माय," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. मी तिचा पदर ओढला. टोकाची गाठ तशीच होती, महिनाभराची जुनी, घट्ट. मी ती दातांनी सोडवली. ज्वारी माझ्या मुठीत आली.

बोळा काढला. धूर आला. मी एकदाच आत पाहिलं. भोकातून गेलेल्या उजेडाचा एक ठिपका होता, आणि त्या ठिपक्यात एक डोळा. लहान. तो ज्या डोळ्याला भीत होता, तो डोळा माझा होता.

मी डोळा बाजूला केला आणि हात आत घातला.

बाहेर जानेवारीचं कोरडं ऊन होतं. आत पावसाळा होता. दमट, कोंदट, एका बाजूने भाजणारा. मी मूठ उघडली आणि वाट पाहिली. ढोल वाजत होते. आत काही हललं नाही. उशीर झाला, मी मनात म्हणाले. उपाशी ठेवलं मी तिला, माझ्या हाताने लिंपून.

मग करंगळीला काहीतरी लागलं. चिखलाने चिकट झालेलं एक बोट. ते माझ्या एकेका बोटावरून फिरलं, ही खरीच आहेत का ते बघितल्यासारखं. मग पाचही आली, आणि दाणे उचलू लागली, आधी एकेक, मग भराभरा, नखं माझ्या तळहातात रुतवत.

मी अंड्याला कपाळ टेकवलं. "सगळे खाऊ नकोस," मी म्हणाले. "थोडे खिशात ठेव."

हात बाहेर काढला तेव्हा तळहातावर चार बारीक नखांचे वण होते. मी बोळा बसवला. आणि कोणीतरी मूठभर निळा गुलाल माझ्या तोंडावर फेकला, डोळ्यांत गेला, दातांत गेला. "ही बघा, ही बघा आमची शीला! हिनं केलं हे!" मला उचललं. कोणी उचललं ते दिसत नव्हतं. मी खांद्यांवर होते, चौकाच्या वर, आणि खाली सगळे माझं नाव घेत होते.

खाली उतरले तेव्हा मायने किटलीतून चहा ओतला होता. ओट्याच्या कडेवर दहा कप. कान तुटलेला तिने माझ्या हातात दिला आणि माझ्या हाताकडे बघून नाक मुरडलं.

"निळा हात, निळा हात! सोळा वर्षं तेच. आता किती जणांना सांगशील गं?"

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. मी तिच्या कमरेच्या पिशवीत हात घातला, सकाळची डबी काढली आणि कानाशी हलवली. वाजली.

सिमेंटची अंडी पुढच्या उन्हाळ्यात तडकली आणि एकेक करून उचलली गेली. आमचं कोपऱ्यावर आहे. बाया दर दिवाळीला त्याला नवा हात देतात, आणि जाणारे-येणारे उगाच त्यावर तळहात टेकवून पुढे जातात. ती उत्तरेची बाजू कधी गार होत नाही. कधीमधी दुपारी, रहदारी थांबली की, आत कोणीतरी हळूच दाणे चावतं.

मी बोळा पुन्हा काढलेला नाही. तिला संध्याकाळपर्यंत थांबायचं आहे, एवढंच. मग झाकण निघेल आणि वर मायचा चेहरा दिसेल. मला माहीत आहे. मी तिथे होते.